भुकेलं कापड

माझ्या आईच्या कापडाला भूक लागते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी असं म्हटलं, तेव्हा परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय लागते?"

"भूक. तुम्हाला-मला लागते तशीच."

मागं उभ्या असलेल्या मुली खुसुखुसु हसल्या. हसू देत. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज घशातच अडकायचा. आता माझ्या हातात माइक आला की तो काढून घ्यायला दोन शिक्षक लागतात. त्यामुळं परीक्षकबाईंना मी सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगते.

आम्ही इचलकरंजीचे सातपुते. गावाला अजूनही जाग येते ती मागांच्या खटखटीनं, फक्त आता माग छतावरच्या उन्हावर चालतात. बाबांचा मागांचा छोटा कारखाना आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी सुताची बाचकी रचलेली असायची, तिथं आईची प्रयोगशाळा. आई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिच्या माहेरी कुणाचा मागाशी संबंध नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा गावातला ओढा तिनं सकाळी निळा आणि संध्याकाळी तांबडा बघितला. कापड रंगवून झालं की उरलेलं पाणी तिकडंच जायचं. तिला वाटलं होतं की कुणीतरी मुद्दाम गंमत करतंय.

आता विज्ञान. थोडंच आहे, पण लक्ष द्या, मजा आहे.

व्हिनेगरची बरणी बरेच दिवस तशीच राहिली की वर एक पांढरट, बुळबुळीत पापुद्रा जमतो. तो जिवाणूंनी विणलेला असतो. खरंच विणलेला! हे इवलेसे जीव साखर खातात आणि अंगातून सेल्युलोजचा धागा बाहेर सोडतात. कापूस म्हणजे तरी दुसरं काय, सेल्युलोजच. आईनं अशा एका जिवाणूच्या जनुकांत फेरफार केले, साखर कारखान्याच्या मळीवर त्याला वाढवलं आणि सुती धाग्याच्या पोटात नेऊन झोपवलं. त्या धाग्याचं कापड अंगावर घातलं की त्याला ऊब मिळते. घामातलं मीठ मिळतं, आम्ल मिळतं. तो जागा होतो आणि धागा जिथं विरलाय तिथं नवा विणायला घेतो. कोपरावर फाटायला आलेलं कापड घालता घालता परत घट्ट होतं. नीट वापरलं तर एक साडी जन्मभर.

आणि वापरलीच नाही तर? एखादा अख्खा ऋतू उपाशी काढला की जिवाणू शेवटचं एक काम करतो. पाचक रसासारखं एक विकर सोडतो आणि आपण राहतो तो धागाच खाऊन टाकतो. मग स्वतःही मरतो. उरतं ते मऊ पीठ. कुंडीत घाला, जास्वंद फोफावते.

ही भूक आईनं मुद्दाम ठेवली होती. "जो जीव फक्त माणसाच्या अंगावरच जगतो, तो मोकाट सुटू शकत नाही," ती म्हणायची. "आणि दुसरं म्हणजे, एका साडीमागं किती पाणी, किती कापूस, किती जणांचे हात असतात. तिनं कपाटात पडून राहावं, हे मला पटत नाही."

दुकानाचं नावही तिनं 'वापर' ठेवलं. कुणी बाई म्हणाली, "एखादी भारीतली दाखवा, ठेवणीतली," की आई शांतपणे सांगायची, "ठेवणीतली आमच्याकडं नाही, पलीकडच्या दुकानात मिळेल." बाबा कपाळाला हात लावायचे. "अगं, गिऱ्हाईक हाकलायचंच असेल तर दुकान कशाला उघडलंस?"

खरं म्हणजे दुकान चालत नव्हतंच. चौकशी करणाऱ्या पुष्कळ, घेणाऱ्या थोड्या. अशात आत्या आली.

वृषालीआत्या, बाबांची मोठी बहीण. चार गल्ल्या सोडून राहते. तिचे यजमान गेल्यापासून ती फिक्या रंगाच्याच साड्या नेसते, पण आवाज मात्र पहिल्यासारखाच आहे, गल्लीच्या तोंडाशी आली की आम्ही चहाला आधण ठेवतो. तिच्या गार्गीचं, म्हणजे माझ्या गार्गीताईचं, सांगलीच्या माळवदे कुटुंबात लग्न ठरलं होतं.

"प्रणाली, आहेराच्या साड्या सगळ्या तुझ्याकडनं," आत्यानं आल्या आल्या जाहीर केलं. "विहीणबाई, त्यांच्या जावा, नणंदा, आपल्याकडच्या सगळ्या. एक बाई सुटायला नको."

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, पण नेसल्या पाहिजेत हं त्यांनी. भूक लागते त्याला."

"नेसतील की! साडी काय लोणचं घालायला देतात होय?"

सगळे हसले. मीही हसले. आणि तिथंच आम्ही चुकलो.

आता तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? तुमच्या घरातलं कपाट उघडा. खालचा कप्पा. आहेराची साडी कुणी नेसत नाही! ती येते, चिमटीत काठ धरून तिला 'बरी आहे' म्हटलं जातं, आणि ती खाली जाते. पुढचं लग्न आलं की तिथूनच निघते. साडीचं घर बदलतं, घडी तशीच राहते. हे आपल्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आत्याला माहीत होतं, आईला माहीत होतं. पण आहेर देताना माणूस आपल्या मनात फक्त घेणारीचा आनंदी चेहरा बघतो, तिचं कपाट बघत नाही.

लग्न झकास झालं. ओटी भरायच्या वेळी आत्या नारळाचं ताट घेऊन खांबापाशी उभी राहिली आणि तिच्या लेकीची ओटी माझ्या आईनं भरली. आत्याला कुणी 'मागं हो' म्हटलं नव्हतं. ती आपणच सरकली. मला ते खटकलं, पण बँड वाजत होता आणि मला माइकवरून कापडाबद्दल बोलायचं होतं. मी बोलले. बँडमुळं कुणालाही ऐकू गेलं नाही.

उन्हाळा सरला, आणि एका रविवारी गार्गीताई एकटीच आली.

ती सांगलीला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हात इतके भक्कम की लहानपणी मला एका हातानं उचलायची. त्या दिवशी तिनं कप उचलला आणि चहा न पिताच खाली ठेवला.

"मामी, सासूबाईंच्या नणंद आल्या होत्या पुण्याहून," ती आईला म्हणाली. "निघताना ओटी भरायची म्हणून सासूबाईंनी कपाटातनं साडी काढली. आपलीच. लग्नात आईनं दिलेली. ताटात ठेवली, कुंकू लावलं, आणि द्यायला म्हणून उचलली..."

"आणि?"

"सांडली. हातातनंच सांडली, मामी. ज्वारीच्या पिठासारखी. देवघरासमोर, सगळ्यांच्या देखत. मी सांगायला गेले, की नेसली नाही की असंच होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, राख. तो एक शब्द निघाला आणि माझं कोण ऐकतंय?"

आई खाली बसली.

"सासूबाई भांडल्या?" मी विचारलं.

"भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, ऊर्मे. घरात माझ्याशी कुणी वाकडं बोलत नाही. सरळही बोलत नाही. मी समोर असताना 'तिला विचारा' म्हणतात."

"आणि दाजी?"

"ते आम्हा दोघींच्या मधे बसतात आणि वरणभात खातात."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण अर्ध्यावरच थांबलं. मग तिनं सांगितलं, की तसली साडी घरात दिसायला नको असं सासूबाईंनी बजावलंय. त्यामुळं गार्गीताई स्वतःची साडी पिशवीत घालून दवाखान्यात नेते. तिथं नेसते, वरून कोट घालते, दिवसभर पेशंटचे गुडघे वाकवते आणि निघताना बदलून येते. "माझ्या लग्नातली आहे. मरू कशी देऊ?"

साडी जगवण्यासाठी कपडे बदलून घरी जाणारी माझी ताई. आईनं ते ऐकलं आणि ती प्रयोगशाळेत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात घरोघरची कपाटं उघडली गेली. पीठ, पीठ आणि पीठ. कुणी कुणाची साडी नेसली नव्हती ते सगळं चव्हाट्यावर आलं. जयसिंगपूरच्या काकू मिरजेच्या मावशीला फोनवर म्हणाल्या, "एवढी माया होती तर एकदा तरी अंगाला लावायची!" आणि मावशी म्हणाली, "तुमचं पीठ काय, डब्यात लपवून ठेवलंय होय?" साडीवरून माणसं एकमेकांना हिशेब विचारायला लागली. आईनं कचरा थांबवायला एक वस्तू बनवली होती आणि त्या वस्तूनं घराघरांत साक्ष द्यायला सुरुवात केली होती.

आत्या आली ती चपला न काढताच.

"प्रणाली, मला दुसऱ्या साड्या दे. न मरणाऱ्या. सांगलीत मला तोंड दाखवायला जागा नाही आणि पोरीशी घरात कुणी धड बोलत नाही."

तशी साडी करता येत होती. आईच्या फ्रिजात एक बरणी होती, भुकेचं जनुक काढून टाकलेल्या जिवाणूची. त्याचं कापड अंगावर दुरुस्त व्हायचं आणि कपाटातही टिकायचं. कायमचं. गावातले मागवाले तर त्यासाठी आईच्या मागंच लागले होते, "वहिनी, तेवढी भूक काढा, कोल्हापूर-सोलापूर सगळं आपलं." आई नाही म्हणायची. न मरणारं कापड म्हणजे उकिरड्यावरही न मरणारं, आणि त्यातला जीव उद्या कुठं जाऊन काय खाईल याचा भरवसा नाही.

पण आता ती म्हणाली, "देते."

"आई!"

"ऊर्मी, गप्प बस. पोरीचा संसार आहे."

"पण तूच म्हणतेस ना..."

"मी पुष्कळ म्हणते!" आई ओरडली. ती कधी ओरडत नाही. "भुकेची अट मी घातली. मला काय माहीत होतं बायका नेसणारच नाहीत म्हणून?"

"तुला माहीत नव्हतं?" आत्या कमरेवर हात ठेवून वळली. "बरं. तू सांग. तुझ्या लग्नापासून दर दिवाळीला, दर राखीला मी साडी देतोय. किती नेसल्यास?"

आई उठली. मग आत गेली, कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि बाजूला झाली.

अबोली, मोरपंखी, आमसुली. एकावर एक, घड्या न मोडलेल्या. पॉलिस्टरच्या, त्यामुळं जशाच्या तशा. जगाला 'वापरा, वापरा' सांगणाऱ्या माझ्या आईचं कपाट! मला माझ्या आईकडं बघवेना.

आत्यानं वरची साडी उचलली, बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी. चौथी हातात घेतली आणि पदराच्या कोपऱ्यावरचा कुंकवाचा डाग नखानं खरवडून बघितला.

"ही मी तुला दिलेली नाही."

"नाही. ही मिरजेच्या मावशींनी दिली. बारशाला."

"अगं, मिरजेच्या मावशीला मी दिलेली ही! आणि मला जयसिंगपूरच्या काकूंनी. हा डाग मी पुसायला गेलो होतो, निघाला नाही म्हणून तर पुढं दिली." आत्या मटकन पलंगावर बसली आणि हसायला लागली. आईनं थोडा वेळ दम धरला, मग तीही. दोघी साडी मधे घेऊन डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"पूर्वी असं नव्हतं गं," हसू ओसरल्यावर आत्या म्हणाली. "माझी आई नवी साडी घेतली की आधी थोरल्या काकीला नेसायला द्यायची. घडी मोडायला. आपल्या माणसाच्या अंगाला लागून आली की मगच आपण नेसायची. कोरी साडी म्हणजे अर्धीच साडी."

"मग तुम्ही पण मोडा की कुणाची तरी," आई सहज बोलून गेली.

आत्यानं साडीची घडी परत घातली. काठाला काठ जुळवला. "मला आता कोण देतंय घडी मोडायला, प्रणाली? त्याला सवाष्ण लागते."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते आणि माझी नजर त्या ओढणीवर गेली.

ती ओढणी रद्दी होती. म्हणजे आईनं रद्द केलेल्या एका प्रयोगाची. निसर्गात काही जिवाणू स्वतःच जांभळा रंग तयार करतात. आईनं ते जनुक आपल्या जिवाणूत घातलं होतं, म्हणजे कापड रंगवायलाच नको आणि ओढ्यात काही सोडायलाच नको. पण रंग यायचा तो फक्त पोट भरल्यावर, म्हणजे अंगावर घातल्यावर. नवं कापड ताकासारखं पांढुरकं, आणि घालत गेलं की जिथं ऊब तिथं आधी जांभळं. आई म्हणाली, असलं डागाळ कापड कोण घेणार? म्हणून ते माझ्याकडं आलं. मी ते रोज शाळेत नेलं. आणि वर्गातल्या मुली मला विचारत होत्या की हा रंग कुठल्या दुकानात मिळतो!

"आई," मी म्हटलं. "भूक काढू नकोस. हा रंग घाल. मग कोरी साडी दिसायलाच अर्धी दिसेल. आहेर द्यायचा असेल तर देणारीनं आधी स्वतः नेसायची, रंग चढवायचा आणि मग द्यायची. दुकानातनं आणून पुढं ढकलता येणारच नाही. आणि इतके दिवस एका बाईनं अंगावर वागवलेली साडी कोण कपाटात टाकेल?"

"वापरलेली साडी विहिणीला?" आईनं मान हलवली. "तोंडावर फेकतील. आणि तीसुद्धा..." ती थांबली.

"विधवेनं नेसलेली," आत्यानं वाक्य पुरं केलं. "बोल की. घाबरतेस काय?"

"कापडाला ते कळत नाही," मी म्हणाले. "त्याला ऊब कळते आणि मीठ कळतं. बाकी काही नाही."

आत्यानं हातातली साडी पलंगावर ठेवली. "ही पोरगी लई बोलायला लागलीय," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडं हात पुढं केला. "करा अशी एक पांढरी साडी. मी नेसतो."

साडी तयार व्हायला वेळ गेला. आईनं पुन्हा चाचण्या घेतल्या, स्वतःच्या दंडावर पट्ट्या बांधून बघितल्या, आणि बाबांनी मागावर आत्याची साडी आणि नमुन्याला आणखी एक, एवढंच लावलं. मग आत्या ती नेसून हिंडायला लागली. पहिल्या दिवसांत काहीच दिसेना. मग खांद्यावर हलकी जांभळी छटा आली, मग कमरेला. तिनं त्याच साडीत चपात्या लाटल्या, जिना चढली, मंडईला गेली. भाजीवाली म्हणाली, "वृषालीताई, रंगात आलाय काय?" आत्या म्हणाली, "घामात आलोय. वांगी दे."

पण एकदा मी तिच्या घरी गेले तर ती आरशासमोर उभी होती. निऱ्यांपर्यंत रंग उतरला होता, पदर गडद जांभळा. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर असा रंग मी बघितला नव्हता. मला आरशात बघून ती दचकली.

"अति होतंय काय गं?"

"काय?"

"रंग."

"नाही आत्या," मी म्हटलं.

सांगलीला आम्ही दोघी गेलो. गार्गीताईच्या सासूबाई, नंदिनी माळवदे, सडसडीत, शांत बाई. दुष्ट असत्या तर मला फार सोपं गेलं असतं. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसून सरळ म्हणाल्या, "शकुन-अपशकुन मीही फारसे मानत नाही, विहीणबाई. पण माझ्या हातातून ते सांडलं. कुंकू लावलेलं. रोज देवघरासमोर बसले की हातात तेच जाणवतं. त्याला मी काय करू?"

मी भुकेचं, जनुकांचं, सगळं शास्त्र पाठ करून आले होते आणि त्यातलं काहीच त्यांच्या हातापर्यंत पोहोचणारं नव्हतं.

आत्यानं पिशवीतून साडी काढली. "आधीची मी दुकानातनं आणून दिली होती. तुमचा रंग, तुमची आवड, काही बघितलं नव्हतं. ही मी नेसलीय. श्रावणातनं दसऱ्यापर्यंत. रंग माझ्या अंगावर चढलाय. ही तुम्हाला पुढं देता यायची नाही. नेसा, नाहीतर जाऊ द्या." आणि मग, जरा थांबून, "कुणी नेसली होती, ते तुम्हाला माहीत आहेच."

सासूबाईंचा पुढं आलेला हात मधेच थांबला. मी तो हात बघत होते. गार्गीताई दाराच्या चौकटीला धरून तो हात बघत होती.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

झालं. तेवढंच.

मग वाट बघणं सुरू झालं. भुकेचं घड्याळ लागलेलंच होतं. गार्गीताईला विचारलं की ती लिहायची, "कपाटात आहे." परत विचारलं, "कपाटातच. किल्ली त्यांच्याकडं." इकडं मागवाल्यांनी आईला शेवटचं विचारलं, कुठलं सूत लावायचं, भुकेलं की न मरणारं? आईनं थंडी संपेपर्यंत मुदत मागितली. मी म्हटलं, "एका बाईवर कशाला ठरवतेस?" ती म्हणाली, "एका बाईनं नेसली म्हणजे बाजार झाला, असं नाही. पण जिचा हात पोळला तीच नको म्हणाली, तर हे कापड माणसांसाठी केलंय असं मला म्हणता येणार नाही. मग ती बरणी काढेन." आईला असं हरायच्या तयारीत मी कधी बघितलं नव्हतं.

थंडी सरता सरता गार्गीताईचा निरोप आला. सासूबाईंनी आत्याला बोलावलंय. कशासाठी, ते सांगत नाहीत.

गाडीत आत्या खिडकीबाहेर बघत होती. मी मात्र मनात पीठच बघत होते. डब्यात भरून परत दिलेलं पीठ.

सासूबाईंनी आम्हाला बसवलं, आत गेल्या आणि साडी घेऊन आल्या. अख्खी. घट्ट. तुकतुकीत.

"मधून मधून हवा देत होते," त्या म्हणाल्या. "कुबट वास लागू नये म्हणून."

आत्याच्या अंगावर तो रंग निळसर जांभळा चढला होता. प्रत्येकाचा घाम वेगळा, त्यामुळं रंगही थोडा वेगळा येतो. आणि आता खांद्यापाशी, मानेजवळच्या काठाला आणि कमरेच्या पट्ट्यात तो लालसर झाला होता, पिकल्या जांभळाच्या गरासारखा. हवेनं असा रंग येत नाही. ऋतूभर, दार लावून घेऊन कुणीतरी ही साडी नेसत होतं.

मी तोंड उघडलं. गार्गीताईनं माझ्या पायावर पाय दिला. त्या हातांसारखाच तो पायही भक्कम आहे. मी तोंड मिटलं.

आत्यानं काठावरून बोट फिरवलं, लाल सुरू होतं तिथं क्षणभर थांबली. "बरं केलं," ती म्हणाली. "हवा पाहिजेच."

चहा झाला. मग सासूबाईंनी गार्गीताईला खूण केली आणि ती आतून एक कागदी पिशवी घेऊन आली. आमच्याच दुकानाची. आईनं नमुना म्हणून फ्रिजात ठेवून जगवलेली दुसरी पांढुरकी साडी गार्गीताईनं कधी नेली, मला पत्ता नव्हता.

"त्या दिवशी माझ्या नणंदेची ओटी राहिली," सासूबाई म्हणाल्या. त्या आत्याकडं न बघता पिशवीचे बंद सरळ करत होत्या. "ती भरायचीय. पण ही अशी कोरी कशी देऊ? दिसत नाही चांगली. माझ्या अंगावर रंग तांबूस येतो. तुमच्यावर छान येतो." मग त्यांनी वर बघितलं. "घडी मोडाल?"

आत्यानं पदर उगाच सावरला. परत सावरला. माझी मोठ्या आवाजाची आत्या इतक्या हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

"नणंदबाईंना सांगणार आहात? कुणी मोडली ते?"

सासूबाईंनी विचार केला. खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या त्या, म्हणून विचार केला.

"त्याच विचारतील," त्या म्हणाल्या. "रंग कुठं लपतोय?"

आत्या उठली. साडी काखेत मारली आणि गार्गीताईकडं वळून, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"तुझी खोली कुठली गं? बदलून येतो."